मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाची निवड

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णापुढे एक प्रश्न येतो, आणि तो बहुधा दरपत्रकाच्या रूपाने येतो. अमुक भिंगाला इतके रुपये, तमुक भिंगाला त्याच्या दुप्पट. असा कागद हाती पडल्यावर सर्वांत महाग तेच सर्वांत उत्तम, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ती बरोबर नाही. ती का बरोबर नाही, हे कळण्यासाठी निसर्गदत्त भिंगाचे कार्य प्रथम पाहिले पाहिजे.

बाहुलीच्या मागे एका पातळ पारदर्शक पिशवीत हे भिंग असते. (यूरोपीय भाषांतील ‘लेन्स’ हा शब्द लॅटिनमधील मसुरीच्या नावावरून आला आहे, आकार पाहता तो समर्पकच म्हणावा लागेल.) तारुण्यात भिंग लवचीक असते. दूरच्या वस्तूकडे पाहताना ते चपटे होते, जवळच्या वस्तूकडे पाहताना फुगते. वयाबरोबर ही लवचीकता ओसरते, म्हणून माणसाला चाळिशी लागते. पुढे भिंगातील प्रथिनांत बदल होऊन ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. कोणत्याही थेंबांनी हा गढूळपणा निवळत नाही. शस्त्रवैद्य गढूळ भिंग काढतो, पिशवी शाबूत ठेवतो आणि तीत कृत्रिम भिंग बसवतो.

पूर्वी असे भिंग नव्हते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास सुमारे १० डायॉप्टर शक्तीचा जाड चष्मा लागे आणि त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. काचेप्रमाणे ते डोळ्यास बाधत नाहीत, हे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रवैद्याने हेरले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग मानवी डोळ्यात बसवले. भारतात मदुराई येथील ऑरोलॅब या संस्थेने १९९२ पासून भिंगे तयार करण्यास आरंभ केला, आणि आयात भिंगांच्या किमतीच्या लहानशा अंशात ती मिळू लागली.

आता निवडीकडे वळू. सर्वसाधारण कृत्रिम भिंग एककेंद्री असते. म्हणजे त्यातून एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. बहुतेकांसाठी ते दूरच्या अंतरास जुळवतात व वाचनासाठी चष्मा देतात. परंतु हा नियम नव्हे. दिवसभर सुईत दोरा ओवणाऱ्या शिंप्याने किंवा जरीकाम करणाऱ्या विणकराने जवळचे अंतर मागितले, तर दूरचा चष्मा लावण्याच्या अटीवर ते देता येते. तेव्हा ‘कोणते भिंग?’ या प्रश्नाच्या आधी ‘चष्म्यावाचून कोणते काम करायचे आहे?’ हा प्रश्न सोडवावा, आणि त्याचे उत्तर रुग्णाखेरीज दुसरा कोणी देऊ शकत नाही.

बहुकेंद्री भिंग येणारा प्रकाश दूरच्या व जवळच्या अंतरांसाठी वाटून देते. चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते, हे खरे. पण वाटून दिलेला प्रकाश कोठे तरी उणा पडणारच. अंधुक उजेडात छटांमधील भेद कमी जाणवतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्रभर महामार्गावर मालमोटार हाकणाऱ्याने याचा दहादा विचार करावा. ज्याच्या दृष्टिपटलाला मधुमेहाने इजा पोचली आहे, किंवा ज्याला काचबिंदू आहे, त्याला हे भिंग सहसा सुचवीत नाहीत.

काही डोळ्यांत बाहेरील पारदर्शक पटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. शास्त्रीय परिभाषेत यास ‘अबिंदुकता’ म्हणतात. शब्द ओबडधोबड आहे, पण बिंदूची प्रतिमा बिंदूसारखी पडत नाही, हा अर्थ त्यात नेमका उतरला आहे. हा दोष लक्षणीय असल्यास ‘टोरिक’ भिंग उपयोगी पडते. मात्र ते ठरल्या दिशेतच बसले पाहिजे. १० अंश फिरले तरी त्याचा सुमारे एकतृतीयांश परिणाम जातो.

घडीचे भिंग दोन-तीन मिलिमीटरांच्या छेदातून आत जाते. अखंड कडक भिंगास सुमारे सहा मिलिमीटरांचा छेद लागतो. लहान छेदाने डोळा लवकर सावरतो. तथापि कुशल हातांनी बसवलेल्या कडक भिंगातूनही उत्तम दिसते. केवळ ते स्वस्त आहे म्हणून रुग्णाने मन खट्टू करून घेऊ नये.

या सर्वांहून महत्त्वाचे आहे ते मोजमाप, ज्याची चर्चा फारशी होत नाही. डोळ्याची लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते. ती मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच डायॉप्टरचा फरक पडतो. मग भिंग कितीही महाग असो. स्पर्शभिंगे वापरणाऱ्यांनी वैद्य सांगेल तितके दिवस आधी ती बंद ठेवावीत, आणि चष्मा घालवण्यासाठी पूर्वी लेसर शस्त्रक्रिया झाली असल्यास न विचारताही सांगावे, कारण त्यामुळे गणित बदलते.

बसवलेल्या भिंगाचे नाव व शक्ती छापलेली चिठ्ठी रुग्णालयातून मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया काही वर्षांनी, कदाचित दुसऱ्या गावी होईल. तेथील वैद्याला ती उपयोगी पडते.