अतिशयोक्तीचे पर्यायी शब्द : अर्थच्छटा

‘अतिशयोक्ती’ (अतिशय + उक्ती) व ‘अत्युक्ती’ (अति + उक्ती) म्हणजे प्रमाणाबाहेरचे बोलणे. काव्यात अतिशयोक्ती अलंकार ठरते. साक्षीत वा वृत्तान्तात तीच दोष ठरते. पर्यायी शब्द निवडताना नेमके काय वाढवले आहे, हे पाहावे. स्वतःची थोरवी वाढवली, तर ‘बढाई’; सामर्थ्याचा पोकळ दावा केला, तर ‘वल्गना’; घडलेले रंगवून सांगितले, तर ‘अतिरंजन’ किंवा ‘तिखटमीठ लावणे’; क्षुल्लक गोष्ट मोठी केली, तर ‘राईचा पर्वत करणे’. एखाद्याच्या तक्रारीविषयी ‘तिखटमीठ लावले’ म्हटल्यास मूळ घटना मान्य राहते. ‘राईचा पर्वत केला’ म्हटल्यास मूळ गाऱ्हाणेच क्षुल्लक ठरते. म्हणून समानार्थी शब्द सर्वत्र परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘बढाई’ व ‘वल्गना’ यांतील भेद स्वतःच्या वाक्यांतून स्पष्ट करा.