कापणीआधी पिकअपची ऑइल गळती काढा

नवरात्र संपता संपता नागभीड तालुक्यात हलके धान पिवळे पडू लागते. मग दीड-दोन महिने पिकअपला उसंत नसते. बांधीतून पुंजण्याकडे, मळणीवरून घरी, घरून तळोधी-ब्रह्मपुरीच्या बाजारात नाही तर राइस मिलवर. पावसाळाभर छपरीत उभी असलेली जुनी गाडी एकदम भरल्या वजनाने धावायला लागते आणि तिच्याखाली काळे थेंब दिसू लागतात. ‘चालते आहे ना, वरून ऑइल टाकत राहू’ म्हणत हंगाम काढणारे बरेच आहेत. कृपा करून तसे करू नका. कापणीला हात लागण्याआधी एक दिवस गाडीसाठी ठेवा.

ऑइलच्या खर्चापेक्षा मोठी भीती आगीची आहे. कडपा उचलायला गाडी बांधीत उतरली की सुटे तणीस खालून शाफ्टला आणि सायलेन्सरच्या नळीला गुंडाळते. त्याच जागी ऑइल ठिबकत असेल, तर भिजलेले तणीस तापलेल्या नळीवर पेट घेऊ शकते. शेजारी पुंजणे उभे असते, म्हणजे वर्षाची कमाईच. आणि ऑइल संपून गाडी रात्री घोडाझरीच्या जंगलपट्ट्यात बंद पडली, तर त्या रस्त्यावर खाली उतरून बोनेट उघडणे किती जोखमीचे, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

सुरुवात डिपस्टिकपासून करा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्या बरेच वर असेल तर क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि धडधाकट सीलही गळायला लागते. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल किंवा रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होत असेल, तर हे हमखास तपासा. अशी गाडी चालवू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

आता गळती शोधायची. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असे नाही. ऑइल वरून खाली उतरते आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुऊन कोरडे पुसा, संशयाच्या जागी साधी अंगाची पावडर भुरभुरा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन पाहा. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा हेच मूळ.

इथेच सर्वाधिक पैसा वाया जातो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेले ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकते. खालून पाहणाऱ्याला वाटते, मागचे क्रँक सील गेले. गिअरबॉक्स उतरतो, सील बदलते, मजुरी जाते आणि आठवड्यात थेंब पुन्हा हजर. गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी टॅपेट कव्हरचा मागचा काठ बोट फिरवून स्वतः पाहा. सील खरेच गेले असेल तर गिअरबॉक्स खाली असतानाच क्लच प्लेटही तपासून घ्या, तिला ऑइल लागले की भरल्या गाडीत क्लच घसरतो.

ब्रीदरची नळी तर बहुतेक जण विसरतात. ती चोंदली की इंजिनमधला दाब सीलांतून वाट काढतो, मग कितीही नवी सील घाला. नळी काढून रॉकेलने साफ करा. साफ केल्यावरही इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून जोरात धूर येत असेल, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन असेल, तर दोष पिस्टन रिंगांकडे असू शकतो. तिथे पॅकिंग बदलून भागणार नाही.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग मात्र घरी बदलता येते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कव्हरभोवतीची माती आधी पुसा म्हणजे आत पडणार नाही. जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने ॲल्युमिनियमच्या हेडवर ओरखडा उठला की तिथूनच पुन्हा गळते. पत्र्याचे कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांपाशी ते आत दबलेले असते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलके ठोकून सरळ करा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांवर, तेही बारीक. जास्त लावलेले आत सुटते आणि चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसते. ऑइलची वाट तिथे अडली तर इंजिन जाम होते. बोल्ट आधी हाताने, मग मधून कडेकडे थोडे थोडे आवळा. जोर लावू नका.

ऑइल बदलताना चेंबरच्या ड्रेन बोल्टला दर वेळी नवी तांब्याची वायसर घाला. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला ऑइलचे बोट फिरवा; कडी टेकली की हातानेच पाऊण फेरा पुरे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही शिरू नका, भक्कम ठोकळे लावा आणि चाकांना दगड द्या. गळती थांबवणाऱ्या बाटलीबंद औषधावर भरवसा ठेवू नका. रबर थोडे फुगते, भेग तशीच राहते.

हंगाम सुरू झाला की रोज सकाळी डिपस्टिक पाहा आणि बांधीतून निघताना खालचे तणीस ओढून काढा. ऑइलचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद करा, ‘पुढच्या गावापर्यंत’ म्हणू नका. ऑइलचा कॅन धानाच्या पोत्यांबरोबर हौद्यात नको. दादाजी खोब्रागडे यांनी याच तालुक्यातल्या नांदेडमध्ये निवडून काढलेला एचएमटी असो की दुसरा कुठला बारीक तांदूळ, ऑइलचा डाग आणि वास लागलेले पोते कुणी घेत नाही.

काढलेले जळके ऑइल धुऱ्यावर, बोडीत किंवा मामा तलावाच्या पाळीवर ओतू नका. त्याच पाण्यावर उन्हाळी धान आणि जनावरे असतात. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवर द्या, जुने ऑइल विकत घेणारे तिथे येतात.