होम लोन दुसऱ्या बँकेत न्यायला गेलो आणि माझंच रिटर्न आडवं आलं

या आठवड्याच्या व्हिडिओत मी आकडे जरा घाईत सांगितले. ते नीट मांडायला हा लेख. विषय दुकानाचा नाही, घराचा आहे. पण मी अडकलो दुकानामुळे, म्हणून दुकानदारांनी शेवटपर्यंत वाचा.

२०१८ च्या जूनमध्ये मी सांगलीत एक रीसेल फ्लॅट घेतला. तेव्हा एका डिस्ट्रिब्युटरकडे नोकरीला होतो. पगाराची स्लिप होती, त्यामुळे एका हाउसिंग फायनान्स कंपनीने २५ लाखांचं लोन पंधरा दिवसांत दिलं. दर ८.७५ टक्के, फ्लोटिंग, मुदत २० वर्षं, हप्ता २२,०९३ रुपये. पुढच्या वर्षी नोकरी सोडून इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान टाकलं. हप्ता एकदाही चुकला नाही. आणि चुकला नाही म्हणूनच सात वर्षं मी त्या लोनकडे बघितलंसुद्धा नाही.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट ५.५० टक्क्यांवर आणला. फेब्रुवारीपासून तीन वेळा मिळून पूर्ण एक टक्का कपात. बातमी बघून म्हटलं, आपलं काय झालंय ते तरी बघू. स्टेटमेंट काढलं. हप्ता तेवढाच. दर १०.३५ टक्के. मुद्दल बाकी २१ लाख ४० हजार. आणि शिल्लक हप्ते २१०.

हा शेवटचा आकडा परत वाचा. २४० हप्त्यांचं लोन, ८४ भरून झालेले, म्हणजे राहायला हवे होते १५६. राहिले होते २१०. सात वर्षं भरूनही साडेसतरा वर्षं बाकी!

झालं असं की, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट ४ वरून साडेसहावर गेला, तसा कंपनीने माझा दर चढवला. हप्ता वाढवला असता तर मी त्याच दिवशी फोन केला असता. त्यांनी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दर बदलला की ग्राहकाला कळवायचं, आणि हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्यायचं. मला मेसेज आले होते. जाहिरात समजून मी ते डिलीट केले. इथे चूक माझी.

मग दर चढला तसा उतरला का नाही? बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोन १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा स्वतःचा आधार दर असतो. तो कधी आणि किती उतरवायचा ते त्या ठरवतात. तुमचं लोन कोणाकडे आहे, बँकेकडे की कंपनीकडे, हे आधी बघा. नावावरून नेहमी कळत नाही.

मी एका सरकारी बँकेत गेलो. दर सांगितला ८.१० टक्के. हप्ता २२,०९३ च ठेवला तर १५८ महिन्यांत लोन संपणार होतं. म्हणजे ५२ हप्ते वाचले, साडेअकरा लाख रुपये. मला तर रात्री झोप येईना.

मध्ये एका एजंटचा फोन आला. "सर, तुमचा हप्ता १८,०३३ करून देतो, महिन्याला चार हजार वाचले!" ऐकायला गोड वाटतं. पण तो लोन परत २० वर्षांचं करत होता. १८,०३३ गुणिले २४० म्हणजे ४३ लाख २८ हजार. जुन्या कंपनीकडेच राहिलो असतो तर ४६ लाख ४० हजार गेले असते. साडेअकराच्या जागी वाचणार फक्त तीन लाख. ट्रान्सफर करताना मुदत शिल्लक वर्षांपेक्षा वाढू देऊ नका. महिन्याची फारच ओढाताण असेल तर गोष्ट वेगळी.

आता खरी अडचण. बँकेतल्या मॅडमनी माझी तीन वर्षांची रिटर्न्स चाळली आणि विचारलं, "सर, वर्षाचं उत्पन्न ३ लाख ८४ हजार, आणि हप्ताच वर्षाला २ लाख ६५ हजारांचा. घर कशावर चालतं?"

मी म्हटलं, "मॅडम, सात वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही." त्या म्हणाल्या, "ते दिसतंय. पण उत्पन्नाच्या ६९ टक्के हप्ता मी वर पाठवू शकत नाही."

रागावून बाहेर आलो. चहा घेताना लक्षात आलं की बाई बरोबर बोलतायत. मी ४४एडीखाली रिटर्न भरतो. ४८ लाखांची विक्री, त्याच्या ८ टक्के नफा, झालं. वह्या-हिशेब ठेवायची कटकट नाही. पण ८ टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो, आणि माझा पावणेसात लाखांच्या आसपास होता. सगळे दुकानदार "आठ टक्के टाका" म्हणतात म्हणून मीही टाकत आलो. सीएनेही कधी विचारलं नाही, मीही नाही. वाईट याचं वाटलं की २०२३-२४ या आर्थिक वर्षात नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत कर शून्यच होता! निदान त्या वर्षी खरा नफा दाखवला असता तर एक रुपया कर लागला नसता. जो कर भरायचाच नव्हता तो वाचवायला मी माझी पत घालवून बसलो होतो.

मॅडमनीच वाट सुचवली: बायकोला सहअर्जदार करा. ती खासगी शाळेत शिकवते, पगार २४ हजार. दोघांचं मिळून ६ लाख ७२ हजार झालं, हप्ता ३९ टक्क्यांवर आला. जुलैअखेर सँक्शन लेटर हातात पडलं. मी पेढेसुद्धा वाटले.

ते लवकर झालं. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांना आधीच्या मालकाचा करारनामा पूर्ण हवा होता. माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये दोन पानं नव्हती. मूळ कागद जुन्या कंपनीकडे. त्यांच्याकडे प्रतींसाठी अर्ज केला, फी भरली, तीन आठवडे गेले. कागदपत्रांची यादी आणि फोरक्लोजर लेटर मागितलं, तर "सिस्टीममध्ये टाकलंय" हे उत्तर चार वेळा. कोल्हापूरच्या ऑफिसला दुकान बंद ठेवून तीन फेऱ्या मारल्या. दर महिन्याला मी व्याजापोटी चार हजार जास्त भरत होतो, त्यामुळे त्यांना घाई असण्याचं कारणच नव्हतं. लेटर आलं तोवर सँक्शनची मुदत संपलेली. परत नवीन कागद, परत सिबिल चौकशी.

आणि लेटरच्या दुसऱ्याच दिवशी त्याच कंपनीतून गोड आवाजात फोन: "सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक. दर ८.६० करून देऊ का?" फी शिल्लक मुद्दलाच्या अर्धा टक्का अधिक जीएसटी, साडेबारा हजार रुपये. ही सोय जूनमध्येही होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जूनच्या आकड्यांवर धरलं तर ८.६० ने १६६ हप्ते, ८.१० ने १५८. फरक आठ हप्त्यांचा, पावणेदोन लाखांचा. ट्रान्सफरचा खर्च, म्हणजे प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युएशन, नव्या गहाणाची स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी, मला ३८ हजार सांगितला होता. तो वजा करूनही ट्रान्सफरच फायद्याचं होतं. पण दिवाळीचा सीझन तोंडावर होता आणि चौथी फेरी मारायची ताकद नव्हती. मी ८.६० घेतलं. व्हिडिओखाली काही जण मला यासाठी शिव्या घालतील, घाला.

तुम्ही माझ्यासारखं उलट्या क्रमाने करू नका. आधी तुमच्याच बँकेला किंवा कंपनीला लेखी ईमेल करा: आज नवीन ग्राहकाला दर किती, मला तो मिळवायला फी किती. त्याच ईमेलमध्ये कागदपत्रांची यादी मागा, आणि जुन्या करारनाम्यांच्या प्रती नसतील तर त्याही. नवीन बँकेत अर्ज हे सगळं हातात आल्यावर. घरासाठीच्या फ्लोटिंग लोनवर वैयक्तिक कर्जदाराला फोरक्लोजर चार्ज लावता येत नाही, कोणी मागितला तर नियम लेखी विचारा. लोन फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आणि सीएला भेटताना "कमीत कमी किती दाखवता येईल" हा प्रश्न बंद करा. मी यंदा दुकानाची वही रोज लिहायला घेतली आहे, आणि मागच्या वर्षाचा खरा नफा रिटर्नमध्ये टाकला. असं अजून एक रिटर्न झालं की त्याच मॅडमकडे फाईल घेऊन जाणार आहे. करारनाम्याची ती दोन पानं आता दुकानाच्या गल्ल्याखालच्या खणात आहेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.