गोठ्यातील औषध व घरातील आरोग्य
(आरोग्यशास्त्र व सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू : रोगजंतू औषधाला दाद देईनासे कसे होतात व असे जंतू जनावरांकडून माणसांकडे आणि माणसांकडून जनावरांकडे कसे जातात, हे विद्यार्थ्यांस समजावे, तसेच गोठा, खुराडे व स्वयंपाकघर यांतील सवयींचा आरोग्याशी असलेला संबंध त्यांच्या मनावर ठसावा.

पूर्वज्ञान व विषयप्रवेश : कोणाच्या घरी गाय, शेळी वा कोंबड्या आहेत, हे शिक्षकांनी प्रथम विचारावे. जनावर आजारी पडले असता औषध कोण देते, किती दिवस देते व उरलेल्या औषधाचे काय होते, हे प्रश्न ओघाने यावेत. बहुधा एखादा विद्यार्थी सांगेल की, मागच्या वेळची उरलेली गोळीच पुन्हा दिली. त्याला दोष न देता त्या उत्तरापासूनच पाठास आरंभ करावा.

विवेचन : जंतूंचा नाश करणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांस प्रतिजैविके म्हणतात. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला आणि पुढे न्यूमोनियासारख्या रोगांतून असंख्य माणसे वाचली. परंतु 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारल्यानंतरच्या व्याख्यानातच फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला सरावतात.

हे सरावणे म्हणजे काय, ते एका सोप्या प्रयोगाने दाखविता येते. मूठभर ज्वारीत हरभऱ्याचे दोन दाणे मिसळावेत. ज्वारी म्हणजे साधे जंतू, हरभरे म्हणजे औषधाने न मरणारे जंतू आणि चाळण म्हणजे औषध. चाळल्यावर ज्वारी निघून जाते, हरभरे तेवढे उरतात. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. म्हणून विद्यार्थ्यांकडून उरलेले दाणे दर खेपेस दुप्पट करवावेत. पाचव्या खेपेस दोनाचे चौसष्ट होतात. आतड्यातील काही जंतू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात, हे सांगितले म्हणजे धोक्याची कल्पना येते. औषधाने हरभरे निर्माण केले नाहीत. त्याने त्यांना मोकळे रान करून दिले, हा भेद स्पष्ट करावा.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. जंतूच्या शरीरात आनुवंशिक द्रव्याची छोटी वर्तुळाकार कडी असू शकते व औषधाला तोंड देण्याचा गुण पुष्कळदा तिच्यात साठविलेला असतो. या कडीची नक्कल एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो. तो शेजारी निराळ्या जातीचाही असू शकतो. वर्गात एकाच्या पाटीवरील उत्तर दुसऱ्याने उतरून घ्यावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून कोंबडीच्या पोटातील निरुपद्रवी जंतूचा गुण माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूला मिळू शकतो.

एक उदाहरण : अमेरिकेतील बोस्टन शहरानजीकच्या एका शेतावर डॉ. स्टुअर्ट लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1976 साली प्रसिद्ध झाला. काही कोंबड्यांना टेट्रासायक्लीन वर्गातील औषध अल्प प्रमाणात मिसळलेले खाद्य देण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांच्या विष्ठेतील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही तसे जंतू वाढलेले आढळले. शेजाऱ्यांत मात्र त्यांचे प्रमाण पुष्कळच कमी होते. पुढे ते खाद्य बंद केल्यावर माणसांतील हे प्रमाण उतरले. बिघाड होतो तसा तो काही अंशी सावरताही येतो, हा या उदाहरणाचा बोध आहे.

दुसरे उदाहरण जवळचे आहे. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या काही गंभीर संसर्गांवर अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले असते. जनावरे लवकर वाढावीत म्हणून तेच औषध अनेक देशांत खाद्यात मिसळले जाई. 2015 साली चीनमध्ये डुकरांत, मांसात व रुग्णांतही या औषधाला दाद न देण्याचा गुण वर सांगितलेल्या कडीवर सापडला. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादनास, विक्रीस व वापरास मनाई केली. युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालण्यास 2006 पासून बंदी घातलीच होती.

हा केवळ गोठ्याचा दोष आहे, असा ग्रह होऊ देऊ नये. सर्दीपडशाला प्रतिजैविक घेणारा, बरे वाटताच स्वतःच्या मनाने औषध सोडणारा माणूसही तितकाच कारणीभूत आहे. एका अंदाजानुसार 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू ओढवले.

उपयोजन : पुढील गोष्टी फळ्यावर लिहून त्यांची कारणे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावीत.

1. आजारी जनावराला औषध अवश्य द्यावे. परंतु पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले सर्व दिवस.
2. कोंबड्यांची मानमोडी हा विषाणूचा रोग असल्याने त्यावर प्रतिजैविक चालत नाही. वेळेवर लस टोचणे हाच उपाय.
3. कासदाह, म्हणजेच दगडी, झालेल्या गाईला औषध चालू असता पशुवैद्यक सांगतील तितके दिवस तिचे दूध घरी वापरू नये, डेअरीला घालू नये व वासरालाही पाजू नये. उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश जाईलच असे नाही.
4. शेण काढल्यावर, खुराडे झाडल्यावर व कच्चे मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मांस व अंडी पूर्ण शिजवावीत.
5. शेणखत पूर्ण कुजवूनच शेतात घालावे.

तिसऱ्या नियमाशी शिक्षकांनी थोडे थांबावे. चार दिवसांचे दूध ओतून देणे हे गरीब घराला परवडणारे नाही आणि विद्यार्थ्याला ते ठाऊक असते. त्याच्या वडिलांवर ठपका येईल असे एकही वाक्य वर्गात उच्चारू नये. गोठा कोरडा ठेवणे, धारेपूर्वी व धारेनंतर कास आणि हात स्वच्छ ठेवणे यांनी कासदाह टळण्यास मोठी मदत होते व दूध ओतण्याची पाळीच सहसा येत नाही, हे सांगावे. उपदेशापेक्षा हा हिशेब घरापर्यंत लवकर पोहोचतो.

प्रश्न : (1) औषध अर्धवट सोडल्यास कोणते जंतू उरतात? (2) कोंबडीच्या पोटातील गुण माणसाच्या रोगजंतूला कसा मिळतो? (3) कोलिस्टिन जनावरांना देण्यास मनाई का झाली?

स्वाध्याय : जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आपल्या गावात कोणत्या रोगांवर लस टोचली जाते व ती कोणत्या महिन्यात, याचा तक्ता तयार करून वर्गात लावावा.

उद्या याच वर्गातील एखाद्या मुलाला न्यूमोनिया झाला, तर त्याला दिलेले औषध लागू पडावे, एवढ्यासाठी हा पाठ आहे. औषध ही विहिरीसारखी गावाची सामाईक ठेव आहे. एकाने ती गढूळ केली, तर पाणी सर्वांचेच नासते.