खाली घेतलेल्या जुन्या पिकअपचे मागील पाटे : निवड कशी करावी

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत शेतमाल बाजारापर्यंत पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे; आता त्यातील मोठा भाग पिकअप गाडीकडे आला आहे. अर्धापूरकडील केळी, लातूरच्या आडत बाजारात जाणारे सोयाबीन व तूर, जनावरांचा चारा ही सर्व ओझी तिच्याच हौद्यात पडतात. १९४७ साली मुंबईस महिंद्र कंपनीने जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि १९८८ साली टाटा कंपनीची टाटामोबाईल पिकअप बाजारात आली. अशा जुन्या गाडीचा सांगाडा धड असला म्हणजे मालकास ती मोडीत काढवत नाही. कोणी तिची मागची बाजू हौसेने खाली घेतो, तर कोणी पोती चढविणे सोपे जावे म्हणून. परंतु त्याच गाडीने पुढे भार वाहावयाचा झाला म्हणजे मागील पाटे कोणते घालावे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचाच विचार या पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे.

पाट्यांचे काम

आपल्या लाकडी बैलगाडीस पाटे नसतात. चाकाची धाव दगडावर आदळली की तो हादरा आसातून थेट मालास पोहोचतो. मोटारीत हा हादरा पोलादी पाटे वाकून गिळतात. पाट्यांचे दुसरेही एक काम असते, ते म्हणजे मागील अॅक्सल जागच्या जागी धरून ठेवणे. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीवर फार अवलंबून असतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणून ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचा पाटा घातला तर फरक एका मिलिमीटरचा दिसला, तरी ताठपणा सुमारे दीडपटीहून अधिक वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

ताठ पाटा म्हणजे चांगला पाटा, ही समजूत खरी नव्हे. भाराखाली पाटा १० सेंटिमीटर दबत असेल तर गाडी मिनिटास सुमारे ९५ हेलकावे खाते. ४ सेंटिमीटरच दबत असेल तर सुमारे १५०. हेलकावे जलद झाले की केळीचे घड एकमेकांवर घासतात, साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. रिकाम्या गाडीचे चाक तर पाणंदीवर उडू लागते व रस्त्याची पकड सोडते.

आधी मोजमाप, मग खरेदी

वजनकाट्यावर केवळ मागील चाके चढवून रिकाम्या व भरलेल्या गाडीचे वजन घ्यावे. दोन्ही वेळा अॅक्सल व सांगाड्यावरील रबरी ठोकळा यांमधील अंतर मोजावे. एक उदाहरण घेऊ. मूळच्या रिकाम्या गाडीत हे अंतर १२ सेंटिमीटर आहे, आणि मागील चाकांवर १०० किलो भार वाढला की दोन्ही बाजूंचे पाटे १ सेंटिमीटर दबतात. ८०० किलोंस ते ८ सेंटिमीटर दबतील व खड्ड्यासाठी ४ सेंटिमीटर शिल्लक राहतील. आता गाडी ७ सेंटिमीटर खाली घेतली, तर अंतर ५ उरले. म्हणजे ५०० किलोंतच अॅक्सल ठोकळ्यास भिडणार, आणि त्यापुढचा प्रत्येक खड्डा सांगाड्याने सोसावयाचा! एवढ्या जागेत ८०० किलो नेऊन २ सेंटिमीटर राखावयाचे तर पाटे अडीच पटींहून अधिक ताठ हवेत. मग रिकामी गाडी चालविणे जिकिरीचे होईल.

पर्याय

पहिला पर्याय जादा पाटा घालण्याचा. हा सर्वांत स्वस्त. पण ताठपणा सदैव वाढलेला राहतो.

दुसरा, बसलेल्या पाट्यांस पुन्हा कमान देऊन घेणे. नुसते घणाने ठोकून दिलेली कमान फार दिवस टिकत नाही. पोलाद तापवून त्यास रीतसर पाणी दिले पाहिजे. चिरलेला पाटा मात्र टाकूनच द्यावा.

तिसरा, मदतनीस पाटा. हा ठराविक भार पडल्यावरच टेकतो, तोवर गाडी मऊ राहते. वरील गाडी ७ ऐवजी ३ सेंटिमीटरच खाली ठेवली, तर ९ सेंटिमीटर जागा मिळते. ५०० किलोंपर्यंत मूळ पाटे ५ सेंटिमीटर दबतील. तेथे मदतनीस टेकून ताठपणा दुप्पट झाला, तर उरलेल्या ३०० किलोंस दीड सेंटिमीटर पुरेल आणि अडीच सेंटिमीटर शिल्लक राहतील.

चौथा, सांगाडा व अॅक्सल यांमध्ये हवेच्या पिशव्या बसविणे. भाराप्रमाणे हवा कमीजास्त करता येते, ही मोठी सोय होय. पण काटा व दगड यांपासून पिशवी जपावी लागते, आणि ती फुटली तर भरलेली गाडी एका अंगास कलते.

पाचवा, पाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा घालणे. अमेरिकेतील शेव्हरोलेट पिकअपमध्ये १९६० पासून काही वर्षे ही रचना होती. परंतु गुंडाळी अॅक्सल धरून ठेवीत नाही. त्यासाठी निराळे दांडे जोडावे लागतात. अॅक्सलला जागा मिळावी म्हणून सांगाड्यास खाच पाडली, तर तेथे तितकीच मजबुती भरून देणे अवश्य आहे.

ब्रेक व कायदा

काही पिकअपमध्ये मागील ब्रेकचा जोर सांगाडा किती दबला यावरून ठरविणारी झडप असते. ताठ पाटे घातले की भरलेली गाडीही तिला रिकामी भासते व मागील ब्रेक कमी लागतो. गाडी खाली घेतली की रिकामी गाडी भरलेली भासते व मागील चाके जाम होऊन घसरतात. म्हणून पाटे बदलले की ही झडप तज्ज्ञाकडून लावून घ्यावीच. शॉक अॅब्सॉर्बरही नव्या उंचीच्या मापाचे असावेत. यू बोल्ट नवे घालावे व काही दिवसांनी पुन्हा आवळावे.

पाटे बळकट केल्याने गाडीची ठरलेली भारमर्यादा वाढत नाही. अॅक्सल, टायर व ब्रेक जुनेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड सांगितला आहे. १९८८ च्या याच कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होणारा बदल करता येत नाही. यास्तव सांगाड्यास हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

तात्पर्य, नित्य माल वाहणाऱ्याने गाडी शक्य तितकी मूळ उंचीवर आणून मदतनीस पाटा घालावा. क्वचित भार नेणाऱ्याने हवेच्या पिशव्यांचा विचार करावा. गुंडाळीची रचना हौसेच्या गाडीसच शोभते. बैलगाडी उलार झाली तर शेतकरी ओझे पुढे सरकवितो, बैलास दोष देत नाही. मोटारीच्या बाबतीतही तोच विवेक बाळगावा, अशी आमची सर्व बांधवांस विनंती आहे.