जुन्या मालमोटारीचा सेल्फ

बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, आगगाडी १८६३ सालीं घाट चढूं लागली आणि द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. अशा वाटांच्या काठीं वाढणाऱ्या मावळांतील मुलांस यंत्रांची ओळख पुस्तकाआधीं रस्त्यावरच होते. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची जुनी मालमोटार हट्टास पेटली. तिची दुरुस्ती पाहावयास आम्ही कांहीं जण गेलों, आणि ओहमचा जो नियम वर्गांत महिनाभर सांगून कोणाच्या गळीं उतरला नव्हता तो तेथें अर्ध्या तासांत उतरला.

गाडी १९४० नंतरच्या दशकांतली, सहा व्होल्टांची. सेल्फचें बटण पायानें दाबावयाचें. मुलाच्या आजोबांनीं तिच्यावर तांदळाचीं पोतीं आणि विटा वाहून घर उभें केलें. तक्रार अशी कीं, सकाळीं थंड असतां ती एका दाबांत सुरू होई; पण खोपोलीहून घाट चढून लोणावळ्यास आली आणि चहासाठीं बंद केली, कीं पुन्हां सेल्फ नुसता कण्हे. एकदां तर ती ऐन वळणावर बंद पडली. उतारावर मागें सोडून सुरू करण्याच्या प्रयत्नांत ती कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यानंतर घरच्यांनीं तिला भंगारांत द्यावयाचें ठरविलें, कारण “मोटर जळत आली आहे, नवी मिळावयाची नाहीं,” असें एका मिस्त्रींनीं सांगितलें होतें. आजोबा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवशीं ते जेवलेही नाहींत, असें मुलगा म्हणाला.

सेल्फ म्हणजे एक छोटी पण बलवान विजेची मोटर. तिचें दंतचक्र इंजिनाच्या फ्लायव्हीलवरील मोठ्या दातेरी कड्यांत अडकतें व इंजिनास पहिले फेरे देतें. चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेली ही योजना १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीवर आली. त्यापूर्वीं हँडल मारावें लागे, आणि इंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. जुने चालक हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवीत, तो याचसाठीं.

आजोबांच्या ओळखीचे दुसरे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं प्रथम पुढचे दिवे लावले व सेल्फ दाबावयास सांगितला. दिवे अगदीं विझले तर बॅटरी दुबळी किंवा तिचीं टोकें सैल. दिवे तेजस्वी राहून सेल्फ मुका राहिला तर वीज मोटरपर्यंत पोहोंचतच नाहीं, किंवा तिचे कार्बन झिजले आहेत. येथें दिवे थोडेच मंदावले, आणि सेल्फ मात्र कण्हत राहिला. मग व्होल्टमापक निघाला.

सेल्फ फिरत असतां बॅटरीच्या दोन टोकांवर ५.४ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी शाबूत. मोटरचें टर्मिनल आणि तिचें कवच यांच्यामध्यें मात्र ३.६ च! मग मधले १.८ व्होल्ट कोठें गेले? बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या जाड तारेवर ०.३ सांपडले. उरलेले १.५ परतीच्या वाटेवर, इंजिन आणि चॅसी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीवर होते. मुलांनो, वीज जाते तशी तिला परतही यावें लागतें, हें आपण नेमकें विसरतों. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेलें असतें. म्हणून ती पट्टी हाच तिचा परतीचा पूल. गाडी रंगवतांना तो पूल रंगाच्या थरावरच कसला गेला होता, आणि उरलेलें काम लोणावळ्याच्या पावसानें केलें होतें.

सेल्फ त्या वेळीं सुमारें २०० अँपियर ओढीत होता असें धरा. दीड व्होल्टास दोनशेंनीं भागलें तर अडथळा येतो अवघा ०.००७५ ओहम. एवढ्याशा अडथळ्यांत ३०० वॉट नुसते उष्णतेंत जात होते. मिस्त्रींनीं पट्टीच्या टोकास बोट लावून झटकन काढलें तें यामुळेंच. बारा व्होल्टांच्या गाडीस तेवढ्याच शक्तीसाठीं निम्मा प्रवाह पुरतो. तेथें हाच दोष कदाचित् वर्षभर लपून राहिला असता. आणि गाडी तापल्यावरच अडे तें कां? तांब्याचा अडथळा दर अंशास सुमारें ०.४ टक्के वाढतो. इंजिनाजवळची मोटर पन्नास अंशांनीं तापली कीं तिच्या वेटोळ्यांचा अडथळा पांचव्या हिश्श्यानें वाढला. थंडपणीं जेमतेम पुरणारी वीज तेव्हां पुरेना.

बॅटरीचें अर्थचें टोक आधीं सोडलें. तें आधीं सोडल्यास पाना चुकून चॅसीस लागला तरी ठिणगी पडत नाहीं, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. मग काचकागदानें धातु उजळ होईपर्यंत रंग खरवडला, नवी जाड पट्टी कसली, वरून थोडें ग्रीस लावलें. खर्च मोटरच्या मानानें नगण्य. जोडतांना मात्र जपावें: त्या काळच्या फोर्ड व डॉज गाड्यांचें धन टोक चॅसीस जोडलेलें असे, शेव्हरोलेचें ऋण.

एका मुलानें विचारलें, मोटर भरधाव गरगरते पण इंजिन हलत नाहीं, तेव्हां काय समजावें? तेव्हां बेंडिक्सचें दंतचक्र मळानें अडकलेलें असतें. तें रॉकेलानें धुवावें, तेल ओतूं नये, कारण तेलावर धूळ बसते. आणि दांत दांतांत रुतून बसले तर गाडी गिअरमध्यें घालून पुढें-मागें हलवावी. पालकांस एक विनंति: पेचकसानें टर्मिनलें जोडून सेल्फ फिरविण्याची युक्ति मुलांसमोर करूं नये. गिअर पडलेला राहिला तर गाडी समोरच्याच्या अंगावर येते.

पुढच्या रविवारीं गाडी खोपोलीपर्यंत उतरली व परत चढून आली. खंडाळ्यास मुद्दाम थांबून ती तीनदां बंद केली आणि तीनदां सुरू केली. पायाचें बटण आजोबांनींच दाबलें. व्होल्टमापक नातवाच्या हातांत होता, आणि त्यानें मोठ्यानें वाचलेला शेवटचा आंकडा ५.१ होता.