दोन दिवसांची मजुरी

येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एका वाटसरूला चोरांनी लुटले, मारून वाटेत टाकले. एक पुरोहित आला, बघून पलीकडून गेला. देवळाचा एक सेवक आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. शोमरोनी लोकांना तिथे कुणी जवळ करत नसे. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेले.

गोष्ट इथे संपत नाही, बरं का! निघताना त्याने उतारशाळेवाल्याला दोन नाणी दिली. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. वर म्हणाला, जास्त खर्च आला तर परत येताना देईन. नुसते ‘अरेरे’ म्हणून औषध येत नाही. कनवटीला हात घालावा लागतो.

आता आपल्या मिरजेचे बघा. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचे इस्पितळ उघडले. पैसेवाल्याकडून ते फी घेत. त्या पैशातून गरिबाचे औषधपाणी निघे. ऑपरेशन करणारा हात मात्र दोघांना तोच!

सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तिथे क्षयरोग्यांचे इस्पितळ उभे राहिले. त्या काळी क्षयाच्या माणसाजवळ घरचेसुद्धा बसत नसत.